सही म्हणजे गवाही

गेल्या महिन्यात माझा भाचा पेढे घेऊन घरी आला. डी. फार्मसीचा निकाल लागला होता आणि त्यानंतरचे प्रॅक्टिकल ट्रेनिंगही ‘पूर्ण’ झाले होते. मी सहज विचारले, “कुठल्या मेडिकलमध्ये होतास?” तो हसला. “मामू, जाना-वाना कुछ नै पडा. सही मिल गई.”

फॉर्म त्याच्या पिशवीतच होता. नियम असा आहे की, डी. फार्मसीच्या विद्यार्थ्याने परीक्षेनंतर किमान तीन महिन्यांत मिळून निदान 500 तास औषधांच्या दुकानात किंवा रुग्णालयात काम शिकायचे. त्यातले निदान 250 तास प्रत्यक्ष डॉक्टरची चिठ्ठी वाचून औषध देण्यात गेले पाहिजेत. फॉर्मवर तारखा होत्या, तास होते, दुकानाचा शिक्का होता आणि खाली झोकदार सही होती. ज्या तारखा तिथे लिहिल्या होत्या, त्या दिवसांत हा मुलगा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसत होता. ते मला माहीत होते, कारण माझाच फोन त्याने तिथे नीट करून दिला होता.

मी रागावणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, “मामू, तीन महिने फुकट काम केलं असतं तर घरात पैसे कुठून आले असते? अब्बूंचं काम बंद आहे. वर्गातली निम्मी पोरं असंच करतात.” त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. मी पेढा तोंडात टाकला आणि गप्प बसलो.

त्याच आठवड्यात मोहल्ल्यात जलसा होता. वक्ते तयारीचे होते. जगाला इस्पितळे कशी मुसलमानांनी दिली, राझी कोण होता, इब्ने सीना कोण होता, युरोप तेव्हा कसा अंधारात होता, हे त्यांनी मोठ्या जोशात सांगितले. लोक सुभानअल्लाह म्हणत होते. मीही म्हणालो. भाचा शेजारीच बसला होता, तोही म्हणाला. घरी येताना मात्र मनात एक प्रश्न अडकून राहिला. ज्या इस्पितळांचे आपण इतके गोडवे गातो, तिथे शिकणारा पोरगा दिवसभर नेमके काय करत होता? तो कुणाच्या शेजारी उभा राहत होता? आणि ‘हा आता तयार झाला’ असे कोण आणि कशाच्या आधारावर सांगत होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी बगदादला जावे लागते. साल 931. अब्बासी खलिफा अल-मुक्तदिरच्या कानावर आले की, एका वैद्याच्या चुकीमुळे शहरात एक माणूस दगावला. खलिफाने हुकूम काढला की, यापुढे परीक्षा दिल्याशिवाय कुणी औषधोपचार करायचे नाहीत. परीक्षेचे काम सिनान इब्ने साबितकडे आले. सिनान हा गणितज्ञ साबित इब्ने कुर्राचा मुलगा आणि दरबारातला मोठा हकीम. नावाजलेले आणि सरकारी सेवेतले हकीम वगळूनही बगदादमध्ये परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या 860 च्या वर गेली, असे जुने चरित्रकार लिहितात.

याच चरित्रकारांनी एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. सिनानसमोर एक वयस्कर गृहस्थ आला. कपडे उंची, चाल भारदस्त. सिनानने त्याला अदबीने बसवून घेतले आणि विचारले की, आपण कुणाकडे शिकलात? म्हाताऱ्याने बाहीतून सोन्याच्या दिनारांची पुडी काढून पुढे ठेवली आणि कबूल केले की, मला लिहिता-वाचता काहीच येत नाही, पण घरात खाणारी तोंडे आहेत, माझी रोजी तोडू नका. सिनान हसला. त्याने अट घातली की, ज्या आजाराची माहिती नाही त्याला हात लावायचा नाही, रक्त काढायचे नाही, जुलाब द्यायचा नाही. साधेसुधे आजार असतील तेवढ्यांनाच काही द्यायचे. म्हातारा म्हणाला, मी आयुष्यभर सिकंजबीन आणि गुलाबाच्या सरबतापलीकडे कुणाला काही दिलेलेच नाही. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण परीक्षेला आला. कुणाकडे शिकलास, असे विचारल्यावर त्याने वडिलांचे नाव सांगितले. वडील म्हणजे कालचेच गृहस्थ! सिनानने त्यालाही तीच अट घालून सोडले.

लोक हा किस्सा विनोद म्हणून सांगतात आणि तो विनोदी आहेही. माझे लक्ष मात्र त्यातल्या एका प्रश्नाकडे गेले. सिनानने पहिल्यांदा कुठली सनद आहे हे विचारले नाही. त्याने विचारले, कुणाकडे शिकलात? त्या काळच्या इल्मच्या दुनियेत हा प्रश्न सगळ्यात वजनदार होता. हदीस असो, फिकह असो की तिब, प्रत्येकाच्या मागे एक माणूस उभा असायचा. त्याने शिकणाऱ्याला डोळ्यांनी पाहिलेले असायचे आणि त्याचे नाव घेतले की, त्याची अब्रूही पणाला लागायची. ‘इजाजत’ हा शब्द आपण आज परवानगी एवढ्याच अर्थाने वापरतो. मुळात ती उस्तादची लेखी साक्ष होती की, अमक्याने अमुक ग्रंथ माझ्यासमोर वाचला आहे आणि तो पुढे शिकवायला लायक आहे.

ग्रंथ वाचणे ही एक गोष्ट झाली. तापाने फणफणलेल्या माणसाची नाडी पाहणे ही वेगळी गोष्ट. ती कशी शिकवत होते?

याचे एक चित्र इब्ने नदीमने 987 मध्ये लिहिलेल्या ‘अल-फिहरिस्त’मध्ये आहे. ते अबू बक्र राझीच्या मजलिसीचे आहे. राझी इराणातल्या रय शहराचा. रय आणि बगदाद इथल्या इस्पितळांचा तो प्रमुख होता. मजलिसीत राझी बसायचा, त्याच्या पुढ्यात त्याचे शागीर्द, त्यांच्यापुढे त्या शागिर्दांचे शागीर्द आणि त्याहीपुढे आणखी नवखे. रुग्ण आला की, त्याने सगळ्यात बाहेरच्या कड्यात बसलेल्याला आपले दुखणे सांगायचे. त्याला उत्तर आले तर ठीक, नाहीतर रुग्ण आतल्या कड्याकडे जाणार. तिथेही अडले तर आणखी आत. कुणालाच जमले नाही तर शेवटी राझी स्वतः बोलणार.

या रचनेचा जरा विचार करा. सगळ्यात नवख्या पोराला पहिली संधी मिळते. तो चुकू शकतो, कारण त्याची चूक झेलायला मागे आणखी कडी आहेत. रुग्णाच्या जिवाशी खेळ होत नाही, कारण शेवटच्या कड्यात जाणता माणूस बसलेला आहे. आणि आत बसलेला प्रत्येक जण बाहेरच्याचे उत्तर ऐकत असतो. आज आपण ज्याला ‘देखरेखीखाली प्रत्यक्ष अनुभव’ म्हणतो, तो अकराशे वर्षांपूर्वी असा बसवलेला होता.

राझीला टिपणे ठेवायची सवय होती. कुणाला काय झाले, काय दिले, गुण आला की नाही आला, हे तो लिहून ठेवायचा. त्याच्या मृत्यूनंतर ही टिपणे जुळवून ‘अल-हावी’ हा अवाढव्य ग्रंथ तयार झाला. शागिर्दांनी त्याच्या रुग्णांच्या नोंदींचा एक वेगळा संग्रहही केला. त्यात शेकडो रुग्ण आहेत. ‘अल-हावी’चे आपल्या दख्खनशीही नाते आहे. हा ग्रंथ 1955 पासून हैदराबादच्या दायरतुल मआरिफने अनेक खंडांत छापला. ज्या संस्थानात आपला मराठवाडा होता, त्याच्याच राजधानीतून राझीच्या वह्या जगभर गेल्या.

राझीनंतरच्या पिढीत अली इब्ने अब्बास अल-मजूसी होऊन गेला. नावातला ‘मजूसी’ शब्द सांगतो की, त्याच्या घराण्याची मुळे पारशी धर्मात होती. त्याने विद्यार्थ्यांना दिलेला सल्ला वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, इस्पितळात सतत जात राहा, तिथल्या जाणत्या उस्तादांच्या सोबत राहा, रुग्णांची विचारपूस वारंवार करा आणि पुस्तकात वाचलेले लक्षण समोरच्या माणसात कसे बदलत जाते ते ताडून पाहा. यातला ‘सतत’ आणि ‘सोबत’ हा भाग महत्त्वाचा. एकदा जाऊन शिक्का घेऊन येण्याची ही गोष्ट नव्हती.

मजूसीने आपला ग्रंथ अजुदुद्दौला या बुवैही सुलतानाला अर्पण केला होता. याच सुलतानाच्या नावाचे अजुदी इस्पितळ 982 मध्ये बगदादमध्ये सुरू झाले. तिथे 24 हकीम नेमले होते, अशी नोंद आहे. या जागांना ‘बिमारिस्तान’ म्हणत. शब्द फारसी. बीमार आणि स्तान. त्यातला ‘स्तान’ आपल्या ‘स्थान’चाच भाऊ.

शिकणाऱ्याच्या नजरेतून बिमारिस्तान पाहायचा असेल तर दमिश्कला जावे लागते. तिथे नुरुद्दीन जंगीने 1154 मध्ये ‘नूरी बिमारिस्तान’ उभारला. इमारत आजही उभी आहे. या इस्पितळाचे पहिले मोठे हकीम अबुल मज्द इब्ने अबिल हकम. त्यांचा दिनक्रम इब्ने अबी उसैबिआ या चरित्रकाराने सविस्तर लिहून ठेवला आहे. ते सकाळी रुग्णांमध्ये फेरी मारत. प्रत्येकाची हालत पाहत, सोबत देखरेख करणारे आणि सेवक असत. ते जे औषध, जो आहार लिहून देत, तो बिनदिरंगाई दिला जाई. मग ते किल्ल्यात जाऊन तिथले रुग्ण पाहत आणि परत येऊन इस्पितळाच्या मोठ्या ऐवानात, म्हणजे एका बाजूने खुल्या दालनात, बसत. तिथे नुरुद्दीनने वक्फ केलेले वैद्यकाचे ग्रंथ कपाटांत ठेवलेले होते. शहरातले हकीम आणि शागीर्द त्यांच्यासमोर जमत. चर्चा होई, शागिर्दांना पाठ दिला जाई, ग्रंथ वाचले जात. हे तब्बल तीन तास चाले. मग ते घरी जात.

म्हणजे आधी रुग्ण, मग पुस्तक. दोन्हीमध्ये अंतर एका अंगणाचे. सकाळी जो ताप पाहिला, त्याच्यावर दुपारी चर्चा. आपल्याकडे अनेक अभ्यासक्रमांत दोन-तीन वर्षे पुस्तक आणि शेवटी ‘इंटर्नशिप’ नावाची शेपटी जोडलेली असते. पुस्तक शिकवणारा मास्तर तिथे नसतो आणि तिथला माणूस पुस्तकाबद्दल बोलत नाही.

इब्ने अबी उसैबिआने हे ऐकीव लिहिलेले नाही. तो स्वतः याच इस्पितळात घडला. त्याचे वडील तिथे नेत्रवैद्य होते. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोन मोठे हकीम काम करत होते. एक मुहज्जबुद्दीन अद-दखवार, तर दुसरे इम्रान अल-इस्राईली, धर्माने यहुदी. आणखी एक बुजुर्ग होते, रजियुद्दीन अर-रहबी. दखवार आणि इम्रान रुग्णांना पाहत असताना हा पोरगा त्यांच्या सोबत असे. ते काम संपले की, तो रहबींजवळ जाऊन बसे. ते रोग कसा ओळखतात, काय लिहून देतात हे पाहत असे आणि त्यांच्याशी वाद-चर्चा करत असे. पुढे याने 380 हून अधिक हकिमांची चरित्रे लिहिली. राझीपासून इब्ने बुतलानपर्यंत आज आपण ज्यांच्या गोष्टी सांगतो, त्यातल्या कितीतरी त्याच्याच ग्रंथातून येतात. अद-दखवारने दमिश्कमधले आपले राहते घर वैद्यक शिकवण्याच्या मदरशासाठी वक्फ करून टाकले.

इथे थांबून छाती फुगवणे सोपे आहे. पण इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर त्याच ग्रंथातली दुसरी पाने उलटावी लागतात. रहबी हे बुजुर्ग सहसा कुठल्याही यहुदी-ख्रिस्ती विद्यार्थ्याला शिकवत नसत. त्यांनी दोनच अपवाद केले, त्यात एक इम्रान होता आणि तेही खूप गळ घातल्यावर. म्हणजे एकाच इस्पितळात यहुदी हकीम सन्मानाने काम करत होता आणि त्याच इस्पितळातल्या उस्तादचे दार त्याच्या जातभाईंना बंद होते. दार कुणाला उघडते आणि कुणाला नाही, हा प्रश्न तेव्हाही होता.

पैशाचा प्रश्नही होता. इजिप्तमधल्या गिझा गावच्या भटारी कामगाराचा मुलगा अली इब्ने रिज्वान. घरात गरिबी. उस्तादकडे जाऊन शिकायला पैसे नव्हते. तो रस्त्यावर बसून लोकांना ज्योतिष सांगत पोट भरत असे आणि मिळतील तसे ग्रंथ वाचून वैद्यक शिकत असे. असे शिकत तो कैरोच्या हकिमांचा प्रमुख झाला. 1049 मध्ये बगदादचा ख्रिस्ती हकीम इब्ने बुतलान कैरोला आला आणि दोघांत जोरदार वाद पेटला. इब्ने रिज्वानचे म्हणणे की, ग्रंथांतून शिकणे उत्तम. इब्ने बुतलानने उस्तादकडून शिकण्याची बाजू लावून धरली. जिवंत माणूस प्रश्नाला उत्तर देतो, एका शब्दाने कळले नाही तर दुसरा शब्द वापरतो. पुस्तकात लेखनिकाच्या चुका असतात आणि त्या चुका पुस्तक स्वतः सुधारू शकत नाही.

वादात मला इब्ने बुतलान पटतो. पण माझा जीव इब्ने रिज्वानकडे ओढला जातो. इब्ने बुतलानला बगदादमध्ये नावाजलेला उस्ताद मिळाला होता. ज्याला उस्ताद मिळाला, त्याने उस्तादचे महत्त्व सांगणे सोपे आहे. ज्याला दारातच उभे केले नाही, तो काय म्हणणार? तो म्हणणार की, दाराची गरजच नाही. माझा भाचाही तेच म्हणत होता. “युट्यूबवर सगळं असतं, मामू.”

बायकांसाठी तर दार घराच्या आतच होते. अंदलुसमधल्या इब्ने जुहर घराण्यात एक बहीण आणि तिची मुलगी दोघी स्त्रीरोगांच्या जाणकार होत्या आणि मुवह्हिद सुलतानाच्या घरातल्या बायकांवर उपचार करत. त्या शिकल्या ते घरातल्या पिढीजात हुनरामुळे. एकूणच, त्या काळी प्रत्येक हकीम बिमारिस्तानात शिकत होता असे अजिबात नाही. बरेच जण बापाकडे, चुलत्याकडे, घरगुती मजलिशीत शिकले. बिमारिस्तानाची खासियत अशी की, ज्याच्या घरात हकीम नव्हता, त्याच्यासाठीही एक जागा तयार झाली.

ती जागा चालत कशी होती? वक्फवर. कैरोचा मन्सूरी बिमारिस्तान घ्या. सुलतान कलावून गादीवर येण्याआधी, अमीर असताना, दमिश्कमध्ये आजारी पडला होता, नूरी बिमारिस्तानातल्या औषधांनी बरा झाला आणि आपणही असे इस्पितळ बांधू असा नवस त्याने बोलला, अशी हकीकत आहे. 1284 मध्ये फातिमी राजवाड्याच्या जागेवर ते उभे राहिले. ताप, डोळ्यांचे आजार, शस्त्रक्रिया, हगवण यांचे विभाग वेगळे, बायकांची व्यवस्था वेगळी. वक्फातून रुग्णांच्या औषध-आहाराची, हकिमांच्या पगाराची सोय होतीच, शिवाय वैद्यक शिकवणाऱ्या उस्तादसाठी जागा आणि तरतूद होती. फुफ्फुसातून रक्त कसे फिरते हे सांगणारा इब्ने नफीस याच शहरात राहत होता. 1288 मध्ये तो वारला तेव्हा आपले घर आणि पुस्तके याच इस्पितळाला देऊन गेला. शिकवणे हे इस्पितळाचे फावल्या वेळचे काम नव्हते. त्यासाठी कुणीतरी पैसा बाजूला काढून ठेवला होता.

आणि सहीचे काय? त्या काळी बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब नावाचा अधिकारी असे. त्याच्यासाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत बाराव्या शतकातल्या शैजरीचे पुस्तक महत्त्वाचे. नेत्रवैद्याची परीक्षा हुनैन इब्ने इस्हाकच्या डोळ्यांवरच्या ग्रंथातून घ्यावी, असे ते सांगते. त्याहून मोलाची एक सूचना त्यात आहे. हकिमाने रुग्णाला तपासून काय दिले ते लिहावे आणि त्याची प्रत घरच्यांना, हजर असलेल्यांच्या साक्षीने द्यावी. रुग्ण बरा झाला तर उत्तम. दगावला तर घरच्यांनी ते कागद मोठ्या हकिमाकडे न्यावेत. त्याला हकिमाची चूक दिसली तर त्याच्याकडून खूनभरपाई वसूल करावी. प्रत्येक गावात हे तंतोतंत होत होते असा दावा मी करणार नाही. मार्गदर्शक पुस्तक म्हणजे काय व्हावे याचे पुस्तक. पण त्या समाजाला सही कशी हवी होती, ते यातून कळते. कागदावर नाव लिहिले म्हणजे उद्या कुणी विचारायला आले तर उभे राहावे लागेल.

आमच्या दख्खनमध्ये ही परंपरा आली ती एकट्या मुसलमानांची म्हणून आली नाही. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा दुसरा याने 1436 ते 1458 या आपल्या कारकिर्दीत बीदरला दवाखाना बांधला, त्याला गावांचे उत्पन्न लावून दिले आणि तिथे हकिमांसोबत हिंदू वैद्यही नेमले, असे फरिश्ता लिहितो. 1595 च्या सुमारास मुहम्मद कुली कुतुबशहाने हैदराबादला दारुश्शिफा बांधली. तिथे उपचार होत आणि युनानीचे शिक्षणही. हैदराबादला गेलात तर त्या नावाचा मोहल्ला आजही सापडेल.

पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईत 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा त्याच्या शेजारी जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय होते. पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड रुग्णाच्या खाटेजवळ शिकवण्याबद्दल आग्रही होते. त्यांनी तिथल्या रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला मोठा ग्रंथही लिहिला. 1851 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. एका पारशी दात्याची देणगी, कॉलेजला खेटून इस्पितळ, खाटेपाशी उभा असलेला मास्तर आणि त्याच्याभोवती पोरे. दमिश्क आणि भायखळा यांत सातशे वर्षांचे अंतर आहे, पण मांडणी ओळखीची वाटते. कुणी कुणाची नक्कल केली, हा वाद मला इथे घालायचा नाही. जिथे हे काम नीट झाले तिथे तीन गोष्टी सापडतात, एवढेच मला दिसते. प्रत्यक्ष काम, त्या कामावर जाणत्याची नजर आणि त्या नजरेचा खर्च उचलणारा कुणीतरी.

आता माझ्या भाच्याचा फॉर्म पुन्हा समोर ठेवतो. त्यात काम नाही, नजर नाही आणि खर्च उचलणाराही कुणी नाही. आहे ती फक्त सही. आणि ती सही काय सांगते? मी या मुलाला 500 तास पाहिले आहे. ही गवाही आहे, आणि ती खोटी आहे. खोटी गवाही आपल्या दीनमध्ये किती मोठा गुन्हा आहे, हे जलशातल्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल. पण कॉलेजच्या फॉर्मवरची सही गवाही असते, हे आपण त्याला कधी सांगितलेच नाही. उद्या हा पोरगा काउंटरवर उभा राहील. एका नावासारखी दिसणारी दोन औषधे समोर असतील आणि डॉक्टरचे अक्षर नेहमीसारखेच असेल. समोर एखादी म्हातारी पदराच्या गाठीतून नोटा सोडवत उभी असेल. ती त्याचा फॉर्म पाहणार नाही. ती विश्वास ठेवेल.

सगळा दोष पोरांवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. आपल्या जमाती, ट्रस्ट, शिष्यवृत्ती देणाऱ्या कमिट्या जूनमध्ये कॉलेजची फी भरतात, त्याचे फोटोही येतात. प्रत्यक्ष काम शिकण्याचे तीन महिने, सहा महिने येतात तेव्हा मात्र पोराकडे बसभाड्याला पैसे नसतात. ज्यांच्या मामाचे मेडिकल आहे, ज्यांच्या चुलत्याचा दवाखाना आहे, ते शिकतात. ज्यांचे कुणी नाही, ते सही विकत घेतात. नुरुद्दीनच्या नावाने सुभानअल्लाह म्हणायचे असेल तर त्याने पुस्तकांसोबत जागा आणि उस्तादही दिला होता, हे लक्षात ठेवावे लागेल. एखाद्या कमिटीने वर्षाला दहा पोरांचा तीन महिन्यांचा खर्च उचलला आणि गावातल्या चार प्रामाणिक दुकानदारांना ‘आमची पोरं शिकवा, पण खरं शिकवा’ असे सांगितले, तर ते आजचे वक्फच झाले. त्यासाठी सुलतान असावे लागत नाही.

भाच्याशी मी नंतर बोललो. भाषण दिले नाही. राझीच्या मजलिसीतल्या सगळ्यात बाहेरच्या कड्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “म्हणजे नवीन पोरगा आधी बोलायचा? आणि चुकला तर?” मी म्हणालो, “चुकला तर मागे कुणीतरी होतं, बेटा. तुझ्यामागे कुणी नाही.” तो बराच वेळ काही बोलला नाही.

माझ्या ओळखीचे एक जुने दुकानदार आहेत. चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय औषध देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे नेहमी गर्दी असते. त्यांच्याकडे तो आता रोज संध्याकाळी सात ते दहा जातो. मोबाईलचे दुकान दिवसा सुरूच आहे. बसभाडे मी देतो. फॉर्म केव्हाच जमा झाला आहे, त्यामुळे या तासांची नोंद कुठेही होणार नाही. परवा तो सांगत होता, “मामू, चाचांनी आज पहिल्यांदा मला चिठ्ठी वाचू दिली. ते मागेच उभे होते.”

मी विचारले, “बरोबर वाचलीस?”

“एक औषध चुकलो. त्यांनी हात धरला.”

500 तास व्हायला अजून बरेच महिने लागतील. मी मोजतो आहे.